मोजणी म्हणजे निवड नव्हे

2024 सालचा माझा सर्वांत लाडका अल्बम त्या वर्षी स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर नव्हताच. सिंडी ली या नावाने गाणाऱ्या पॅट्रिक फ्लेगेल यांचा ‘डायमंड ज्युबिली’ मार्चअखेरीस आला. यूट्यूबवर दोन तासांहून लांब असा एकच सलग व्हिडिओ आणि जिओसिटीज या जुन्या फुकट वेबसाइट-सेवेच्या वळणाचं एक वेबपान, एवढाच त्याचा पत्ता. 32 गाणी, ती उतरवून घ्यायची सोय, आणि जमल्यास 30 डॉलर द्यावेत अशी सूचना. साहजिकच डिसेंबरात ॲपने माझ्या वर्षभराच्या ऐकण्याचा जो रंगीबेरंगी हिशेब समोर ठेवला, त्यात या अल्बमच्या नावे एक सेकंदही नव्हता. वर्षभर ज्या गाण्यांनी मला सर्वांत जास्त दिलं, त्यांची तिथे नोंदच नव्हती.

2016 पासून स्पॉटिफाय दर वर्षी असा हिशेब वाटतं. इतर ॲपही आता तेच करतात, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रॉक ऐकणारी बहुतेक मंडळी तो हिशेब ‘माझं या वर्षीचं आवडतं संगीत’ म्हणून एकमेकांना दाखवतात. ही सवय मला घातक वाटते. कोणतं गाणं किती वेळा वाजलं हे यंत्राला कळतं. कोणतं गाणं चांगलं, कोणतं टिकावं, दुसऱ्याच्या कानापर्यंत काय पोहोचवावं, हे ठरवणं श्रोत्याचं काम आहे. इंडी रॉकसारख्या, म्हणजे बड्या कंपन्यांच्या चाकोरीबाहेर वाढलेल्या संगीताच्या बाबतीत तर या कामावर बँडचं जगणं अवलंबून असतं. ते काम आपण मोजणीच्या हवाली करून मोकळे झालो आहोत, आणि ते परत आपल्या हाती घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

‘डायमंड ज्युबिली’ या मताची सर्वांत चांगली साक्ष आहे. फ्लेगेल पूर्वी कॅल्गरीच्या ‘विमेन’ या बँडमध्ये होते. 2010 च्या ‘पब्लिक स्ट्रेन’नंतर तो बँड संपला, पण काटेरी गिटार आणि गोड चालींचं त्यांचं वेड संपलं नाही. या अल्बममध्ये साठच्या दशकातल्या मुलींच्या गायक-गटांची हळवी चाल आहे आणि मागे सतत खरखर आहे, जणू रात्री उशिरा लांबचं रेडिओ केंद्र जेमतेम लागलंय. त्या खरखरीतून अधूनमधून अशी गिटार उसळते की अंगावर काटा येतो. आवाज कुठेच घासून-पुसून चकचकीत केलेला नाही. सुरुवातीला यूट्यूबवर तो एका सलग व्हिडिओतच होता, तेव्हा माणसं दोन तास बसून ऐकत होती, आणि मग दुसऱ्याला सांगत होती. पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या अमेरिकी संकेतस्थळाने त्याला दहापैकी 9.1 गुण दिले आणि वर्षाच्या यादीत पहिला क्रमांकही दिला, ही पुढची गोष्ट. अल्बम पसरला तो एका श्रोत्याने दुसऱ्याला ‘हे ऐकच’ म्हटल्यामुळे. अशी शिफारस करणारा माणूस आपलं नाव पणाला लावत असतो. आकडा काहीच पणाला लावत नाही.

मोजणी कशी होते तेही पाहायला हवं. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरलं जातं. आता 2024 मधलंच ‘द क्युअर’ या इंग्लिश बँडचं ‘अलोन’ घ्या. जवळजवळ सात मिनिटांचं गाणं, आणि 16 वर्षांनी येणाऱ्या ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ या अल्बमची ती पहिली झलक होती. त्यात गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज उमटतो तो तीन मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर जड पावलांचे ड्रम, सिंथेसायझरचे संथ थर आणि गिटार. ती सुरुवात म्हणजे आवाजापर्यंत पोहोचण्याआधीचा रियाज आहे. श्रोत्याने तितका वेळ दिल्याशिवाय त्या गाण्यातल्या शोकाला वजन येत नाही. मोजणीच्या लेखी मात्र सगळं काम पहिल्या अर्ध्या मिनिटात उरकलेलं असतं. गायक गायला लागण्याआधीच उठून गेलेला आणि शेवटच्या सुरापर्यंत थांबलेला, दोघांचाही आकडा एकच.

उलट, काम करताना मागे वाजत ठेवलेलं, कानाला न बोचणारं गाणं दिवसात दहा वेळा वाजतं. ते वाईट असतं असं नाही, पण त्याचा आकडा आपल्या सवयीचा असतो. सर्वांत जिव्हारी लागणारं गाणं आपण अनेकदा कमी वाजवतो, कारण ते प्रत्येक वेळी पेलवत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसून सोडून देण्याजोगा नाही: यंत्रानेच तर विसरलेली गाणी वर काढली. पेव्हमेंट या बँडचं ‘हार्नेस युअर होप्स’ 1999 च्या एका ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकडीवर, बाजूला टाकलेलं गाणं होतं. आज ते त्यांच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांत आहे, आणि मूळ बँडला पुढे त्याचा व्हिडिओ करावासा वाटला. गॅलॅक्सी 500 या बँडच्या ‘स्ट्रेंज’चंही तसंच झालं. 1989 च्या ‘ऑन फायर’मधलं हे गाणं कधी सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून वेगळं एकटं, निघालं नव्हतं, तरी ते त्यांच्या इतर गाण्यांच्या कितीतरी पुढे गेलं. बँडचे ड्रमवादक डेमन क्रुकॉव्स्की यांनी त्याच्या मुळाशी जायचं ठरवलं. तेव्हा समोर आलं की 2017 च्या जानेवारीत, एक अल्बम संपला की आपोआप दुसरं काहीतरी वाजवत राहण्याची सोय सगळ्यांसाठी सुरू झाली आणि तिथून हा आकडा उसळला. का? तर गॅलॅक्सी 500 च्या सगळ्या गाण्यांत ‘स्ट्रेंज’ हेच इतर बँडच्या गाण्यांशी सर्वांत जास्त मिळतंजुळतं होतं. संथ, जवळजवळ झोपेत चालल्यासारखी लय ही त्या बँडची खरी ओळख. त्यांच्या संग्रहातून यंत्राने नेमकं तेच उचललं ज्यात ते सर्वांत कमी ‘ते’ होते.

ही दोन्ही गाणी मला आवडतात आणि नव्या पिढीला ती सापडली याचा आनंद आहे. पण यंत्राचं शोधणं म्हणजे आधी जे चाललंय त्याच्यासारखं दुसरं आणून देणं. जे कशासारखंच नाही, त्याच्यासाठी तिथे दार नाही. आणि इंडी रॉकचा सगळा इतिहास अशाच, कशासारख्याही नसलेल्या आवाजांचा आहे. 1977 च्या जानेवारीत बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडने उधार घेतलेल्या पाचशे पौंडांत ‘स्पायरल स्क्रॅच’ स्वतः काढलं, तेव्हा कोणत्याही बड्या कंपनीच्या हिशेबात तो आवाज बसत नव्हता.

म्हणून माझी 2024 ची यादी मी आठवणीतून केली, आकडे बाजूला ठेवून. ‘डायमंड ज्युबिली’नंतर माझ्यासाठी येतो तो एम. जे. लेंडरमनचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचा हा गिटारवादक तेव्हा पंचविशीत होता. अल्बममधली नऊ गाणी म्हणजे स्वतःचीच समजूत घालत जगणाऱ्या, नाती हातची घालवून बसलेल्या पुरुषांची एक रांग आहे. महागड्या घड्याळाची बढाई मारणारा माणूस बोलता बोलता किती एकटा आहे हे आपल्याला कळतं, त्याला कळत नाही. अशा माणसांची टिंगल करणं सोपं होतं. लेंडरमन ते करत नाही. त्याची गिटार त्या माणसांच्या बाजूने बोलते, जे त्यांना शब्दांत सांगता येत नाही ते सांगते. शेवटच्या गाण्यात शब्द संपतात आणि पुढची कित्येक मिनिटं नुसता लांब, घरघरता सूर उरतो. अनेकांना ते नको तितकं ताणलेलं वाटलं. माझ्या मते तो भाग नसता तर आधीची आठ गाणी चतुर वाटली असती, खरी वाटली नसती.

त्याच वर्षी लेंडरमन वॉक्साहॅची या नावाने गाणाऱ्या केटी क्रचफील्डच्या ‘टायगर्स ब्लड’वरही गायला. तिचा हा अल्बम कंट्री या अमेरिकी ग्रामीण वळणाच्या संगीताकडे झुकतो म्हणून काहींनी त्याला इंडी रॉकच्या यादीबाहेर ठेवलं. हा कुंपणाचा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. ठरलेल्या, जुन्या झालेल्या प्रेमाबद्दल इतकं नेमकं लिहिणारी माणसं रॉकमध्ये फार कमी आहेत.

किम डीलच्या ‘नोबडी लव्ह्ज यू मोअर’बद्दल थोडं अधिक बोलायला हवं. पिक्सीज आणि ब्रीडर्स या बँडमध्ये आयुष्य गेलेल्या या बाईंचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम नोव्हेंबर 2024 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी आला. त्यातलं ‘आर यू माइन?’ वरवर ऐकलं तर जुन्या वळणाचं प्रेमगीत आहे. स्मृती हरपत चाललेल्या आईने एकदा त्यांना ‘तू माझीच का गं?’ अशा अर्थाचं विचारलं, त्यातून ते आलं. ही हकीकत ठाऊक नसतानाही चालीतली व्याकूळता पोहोचते. ठाऊक झाल्यावर गाणं पुन्हा ऐकताना धीर लागतो. या अल्बममधलं बरंचसं ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनी यांचं आहे, ज्यांनी 1988 मध्ये पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’ आणि 1993 मध्ये निर्वाणाचा ‘इन युटेरो’ मुद्रित केला. ठरलेली मजुरी घ्यायची आणि बँडच्या रॉयल्टीत वाटा मागायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. ते 7 मे 2024 रोजी गेले आणि दहा दिवसांनी त्यांच्या शेलॅक या बँडचा शेवटचा अल्बम आला. 2024 ची कोणतीही यादी या माणसाचं नाव न घेता पुरी होते असं मला वाटत नाही, आणि ॲपच्या हिशेबात ध्वनिमुद्रकासाठी रकानाच नसतो.

निवड म्हणजे वगळणंही आलंच. व्हॅम्पायर वीकेंड या बँडचा ‘ओन्ली गॉड वॉज अबव्ह अस’ अनेक याद्यांत वर होता. त्यातली कारागिरी मला मान्य आहे, पियानोवर चढवलेला तो खरखरीत मुलामा तर विलक्षणच. तरीही तो माझ्या यादीत नाही. मला तो प्रत्येक वेळी थक्क करतो आणि एकदाही हलवत नाही. यावर कोणी माझ्याशी भांडलं तर मला आवडेल. आकड्याशी असं भांडता येत नाही.

सिंगलची यादी वेगळी ठेवायची हा माझा आग्रह आहे, कारण दोन्हींचं काम वेगळं. अल्बमने आपल्याला घडवायला वेळ घ्यावा. सिंगलला तेवढी मुभा नसते, काही मिनिटांत त्याला एकट्याने उभं राहावं लागतं. स्मिथ्स या बँडचं ‘हाउ सून इज नाउ?’ 1984 मध्ये आधी दुसऱ्या एका सिंगलच्या मागच्या बाजूवर आलं होतं, कोणत्या अल्बमच्या आधाराची त्याला गरज नव्हती. आता अल्बम येण्याआधी त्यातली चार-पाच गाणी एकेक करून सोडली जातात, ती बहुधा नमुने असतात. त्यांतून खरं सिंगल ओळखणं हे श्रोत्याच्या कानाचं काम आहे.

2024 मध्ये ते माझ्यासाठी निःसंशय फॉन्टेन्स डी. सी. या आयरिश बँडचं ‘स्टारबर्स्टर’ होतं. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर गायक ग्रियन चॅटनला भीतीचा जबर झटका आला होता, त्यातून हे गाणं निघालं. ध्रुवपदात तो ओळींच्या मधोमध धाप लागल्यासारखा श्वास ओढतो. तो श्वास म्हणजे गाण्यातलं खरं तालवाद्य आहे. दुसऱ्यांदा ऐकताना आपणही त्या जागी श्वास ओढतो, आणि मग लक्षात येतं की हे भीतीचं गाणं नाचायला लावतंय. ‘रोमान्स’ हा त्यांचा अल्बमही चांगला आहे, पण ‘स्टारबर्स्टर’ची उंची तो सलग राखत नाही. दोन याद्या वेगळ्या असल्या की असं सरळ म्हणता येतं.

त्याखाली वॉक्साहॅचीचं ‘राइट बॅक टू इट’, मग लेंडरमनचं ‘शीज लीव्हिंग यू’, मग ‘अलोन’. इंग्लिश टीचर या बँडचं ‘द वर्ल्ड्स बिगेस्ट पेव्हिंग स्लॅब’ इथे नाही, कारण ते 2023 मध्येच आलं होतं. ते त्या वर्षाचं देणं. लँकशायरमधल्या कोल्न या लहान गावातल्या एका फरशीच्या तोंडून तिथल्या माणसांचा अभिमान आणि कोंडमारा बोलतो. इतकं स्थानिक गाणं इतकं सगळ्यांचं होऊ शकतं, यासाठीच मला इंडी रॉक लागतो.

इंग्लिश टीचरचं नाव निघालंच आहे तर पैशांचं बोलू, कारण यादीचा प्रश्न शेवटी तिथे पोहोचतो. ‘धिस कुड बी टेक्सस’ या पहिल्याच अल्बमला सप्टेंबर 2024 मध्ये मर्क्युरी पारितोषिक मिळालं, जे ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला देतात. लंडनबाहेरच्या बँडला ते दहा वर्षांनी मिळत होतं. त्याच वर्षी त्यांची गायिका लिली फॉन्टेन ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे लहान संगीतगृहांच्या अवस्थेबद्दल साक्ष द्यायला गेली होती. 2023 या एका वर्षात ब्रिटनमधली अशी 125 ठिकाणं बंद पडली किंवा तिथलं थेट संगीत थांबलं, अशी या संगीतगृहांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टची नोंद आहे. समितीने मे महिन्यात शिफारस केली की स्टेडियम आणि मोठ्या सभागृहांच्या तिकिटांमागे काही रक्कम या लहान जागांसाठी बाजूला काढावी. शंभर-दोनशे माणसांच्या खोलीत वाजवल्याशिवाय कोणताही बँड मोठ्या सभागृहात पोहोचत नाही. त्या खोलीत माणसं का येतात? कोणीतरी त्यांना त्या बँडचं नाव सांगितलेलं असतं म्हणून.

दुसरीकडे, 2024 पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 वादनं मिळालेली नाहीत, त्याला रॉयल्टीतला वाटाच मिळत नाही. तो पैसा उरलेल्यांत वाटला जातो. एका गाण्यामागे तशी रक्कम फार नसते, हे कंपनीचं म्हणणं खरं आहे. तरी तत्त्व म्हणून मला ते अन्यायाचं वाटतं. 900 वेळा ऐकलेलं गाणंही कोणीतरी ऐकलेलंच असतं, आणि ते ऐकवून कंपनीने वर्गणी किंवा जाहिरात मिळवलेलीच असते. बँडकडून थेट गाणी विकत घेता येतात त्या बँडकॅम्प संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले 15 टक्के कंपनीकडे जातात, बाकी बरंचसं बँडकडे, आणि काही ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटाही सोडते. म्हणून यादी केली की तिच्यातला किमान एक अल्बम विकत घ्यावा, शक्यतो सर्वांत कमी ऐकल्या गेलेल्या बँडचा. बँडच्या कारभारात शंभर खरेदीदारांना लाखो वादनांपेक्षा जास्त अर्थ असतो.

‘हे काम समीक्षकांवर सोडा’ असं कोणी म्हणेल. मला समीक्षा हवीच आहे, आणि म्हणूनच जानेवारी 2024 मध्ये पिचफोर्क जीक्यू या पुरुषांच्या मासिकात विलीन करून तिथल्या अनेकांना कमी केलं गेलं, तो दिवस मला वाईट वाटला. इंडी रॉकला गंभीरपणे ऐकणारी पगारी माणसं आता आणखी थोडी उरली आहेत. व्हिलेज व्हॉइस या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाच्या ‘पॅझ अँड जॉप’ या वार्षिक मतदानात प्रत्येक समीक्षकाला दहा अल्बममध्ये मिळून 100 गुण वाटायचे असत, एकाला जास्तीत जास्त 30 आणि कमीत कमी 5. जीव लावलेल्या अल्बमला तिथे जास्त वजन देता येत असे. प्रेमाची तीव्रता नोंदवणारी इतकी साधी पद्धत आज एकाही ॲपकडे नाही.

आणि श्रोत्यांनाही हे जमतं, याचा पुरावा बीबीसी रेडिओ वनवरचे निवेदक जॉन पील यांची ‘फेस्टिव्ह फिफ्टी’. 1976 पासून श्रोते आपापली पसंती कळवत आणि वर्षाअखेरीस त्यांची मिळून पन्नास गाणी वाजत. सुरुवातीला कोणत्याही काळातलं गाणं चालत असे, त्यामुळे तीच ती गाणी परत येऊ लागली. 1982 पासून फक्त त्या वर्षीची गाणी घ्यायची असं ठरलं, आणि यादी जिवंत झाली. गिटारवाल्या बँडचा तिच्यावरचा वरचष्मा पील यांना खटकत असे, तरी ती श्रोत्यांची होती आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. श्रोते चुकतील, गटबाजी करतील, आपल्या गावच्या बँडला उचलून धरतील. ते सगळं मला चालेल, कारण त्यातली प्रत्येक पसंती कोणीतरी जाणून केलेली असते.

शेवटचा मुद्दा वेळेचा. ॲपचा हिशेब डिसेंबर उजाडण्याआधीच बंद होतो आणि मासिकांच्या याद्याही बहुतेक तेव्हाच छापून तयार असतात. मग 6 डिसेंबर 2024 रोजी गीस या बँडचा गायक कॅमेरॉन विंटर याने ‘हेवी मेटल’ काढला. नावात धातू असला तरी आत पियानो आहे, आणि गळा दाटून आलेला, मध्येच घसरणारा, सुराशी झगडणारा आवाज आहे. 2024 च्या बऱ्याच याद्यांत तो नाही, कारण याद्या आधीच मिटल्या होत्या, आणि पुढे 2025 भर माणसं त्याच्याबद्दल बोलत राहिली. किम डीलचा अल्बमही असाच नोव्हेंबरच्या टोकाला आल्यामुळे अनेकांच्या हातून निसटला. यादी मार्चमध्ये करावी, आणि केल्यावरही उघडी ठेवावी. माझ्या 2024 च्या यादीत ‘हेवी मेटल’ आता ‘मॅनिंग फायरवर्क्स’च्या लगेच खाली आहे. त्याला जागा करून देताना ‘रोमान्स’ पहिल्या पाचांतून बाहेर गेला. सिंगलच्या यादीत ‘स्टारबर्स्टर’ मात्र पहिलंच आहे.